पुढचे दोन, मागचे दोन

टायरच्या दुकानात माणूस येतो तोच मुळी वैतागून. कुणाची हवा गेलेली असते, कुणाला खिळा लागलेला असतो आणि प्रत्येकाला कुठेतरी पोचायचं असतं. पण या दुकानात घाई चालत नसे. मालकाला अख्खा रस्ता 'मापाडी' म्हणे. खिशात स्टीलची पट्टी, कानावर पिवळा खडू आणि नाकाच्या शेंड्यावर चष्मा. तुम्ही टायर मागा, हा आधी रिमची रुंदी मोजणार, मग टायरच्या कडेवरचे चार आकडे वाचून कोणत्या वर्षातल्या कोणत्या आठवड्यात तो बनला ते बघणार, आणि मग चहा विचारणार. एका माणसानं कंटाळून विचारलं होतं, की टायर देताय की स्थळ बघताय.

त्याचा एक हट्ट तर प्रसिद्धच होता. कुणी दोनच नवे टायर घ्यायला आलं, की ते मागच्या चाकांना बसवायचे, पुढे नाही. गिऱ्हाईक म्हणे, अहो, स्टिअरिंग पुढे असतं, चांगले टायर पुढे नकोत का? मग मापाडी स्टुलावरून उठायचा आणि ठरलेलं वाक्य बोलायचा. "पुढचं घसरलं तर गाडी सरळ जाते, तुम्हाला कळतं, तुम्ही पाय उचलता. मागचं घसरलं तर कळेपर्यंत गाडी फिरलेली असते." काही जण ऐकत, काही समोरच्या दुकानात जात. गेलेल्यांना तो अडवत नसे, पण बराच वेळ त्यांच्या मागच्या चाकांकडे बघत बसे.

हे वाक्य कोपऱ्यातल्या टायरच्या चळतीवर बसलेल्या दादाला पाठ झालं होतं. दादा म्हणजे त्याचा थोरला भाऊ, पाच वर्षांनी मोठा. बस कंपनीच्या सुट्या भागांच्या गोदामातून निवृत्त झालेला. रोज दहाच्या बसनं यायचा, चळतीवर बसून पेपर वाचायचा, एकच्या बसनं घरी जायचा. मापाडी 'पुढचं घसरलं तर' असं सुरू झाला, की दादा पेपरामागून नुसते ओठ हलवून पुढचं वाक्य पुरं करायचा आणि गिऱ्हाइकाकडे बघून डोळा मारायचा. धाकट्यानं हे वेड कुठून आणलं, असा प्रश्न त्याला कधी पडला नाही.

खरं तर गाड्यांचा नाद दादाचा. तरुणपणी त्याचा हात असा होता, की दोन्ही बाजूंना बोटभर जागा सोडून तो अरुंद गल्लीतून गाडी मागे काढायचा, तेही गप्पा मारत. बंद पडलेल्या एका वर्कशॉपच्या आवारात त्याला दोन सीटची जुनी स्पोर्ट्स कार सापडली. लांब नाक, उघडं छप्पर, जमिनीला पोट टेकेल इतकी बुटकी. इंजिनात उंदरांचा संसार. दोघा भावांनी तीन वर्षं तिच्यावर काढली. इंजिन, गिअर, ब्रेक दादाचं. चाकं धाकट्याची. डिकीच्या तळाला भोक पडलं होतं, तिथे दादानं धाकटा ज्या दुकानात काम शिकत होता तिथल्या जुन्या पिवळ्या पाटीचा तुकडा कापून वेल्डिंग केलं. बाटलीसारखा हिरवा रंग वहिनीनं निवडला. वहिनी म्हणायची, आमच्या घरात सवत आहे आणि तिचा रंगसुद्धा मीच निवडलाय.

त्या कुटुंबात दादाच्या ड्रायव्हिंगचं नुसतं नाव काढलं की हसू फुटायचं. पुतणी, म्हणजे दादाची मुलगी, लहानपणापासून ऐकत आली होती, की बाबांनी गाडी एकदाच जोरात चालवली आणि आईचा हात मोडला. दादाच्या हातात काहीही गोल देऊ नका, ताटसुद्धा, असं म्हणायची घरात पद्धत पडली होती. दादा सगळ्यांबरोबर हसायचा. आणि हा पहिला विनोद कुणी केला होता हे फक्त मापाडीला आठवत होतं, कारण तो त्यानंच केला होता. अपघातानंतर तिसऱ्या दिवशी, हॉस्पिटलच्या व्हरांड्यात, सगळे नातेवाईक जमलेले असताना.

एकतीस वर्षांपूर्वीची ती गोष्ट. मापाडी बत्तीस वर्षांचा, स्वतःचं दुकान नुकतंच काढलेलं. ज्या उस्तादाच्या हाताखाली तो शिकला, त्या म्हाताऱ्याचा दंडक होता, की गाडीचे चार पाय एका जातीचे हवेत. चार मिळत नसतील तर एकही बदलू नका. का, ते म्हातारा सांगत नसे. आणि कारण माहीत नसलेला नियम माणूस सवडीनं मोडतो. पुढच्या रविवारी जुन्या गाड्यांची सहल तलावापर्यंत जाणार होती. त्या गाडीला तेव्हा बारीक, उंच, जुन्या धाटणीचे नायलॉन टायर होते. मापाडीनं नव्या पद्धतीचे, जास्त पकडीचे चार रुंद रेडियल टायर मागवले होते. शनिवारी दोनच आले. उरलेले तीन आठवड्यांनी येणार होते.

शहाण्या माणसानं ते दोन तसेच ठेवून दिले असते. पण टायर इतके देखणे होते, काळेभोर, रुंद, अंगावर अजून कारखान्यातले रबराचे बारीक केस. मापाडीला वाटलं, दादाची गाडी सहलीत उठून दिसली पाहिजे. आणि गाडी दिसते समोरून. त्यानं ते दोन पुढे बसवले, मागे जुने नायलॉन तसेच ठेवले आणि दादाच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, आता बघ कशी वळते.

आणि वळली की. दादा नंतर सांगायचा, की त्या दिवशी पहिले दहा किलोमीटर स्टिअरिंग इतकं हलकं आणि नेमकं होतं, की नुसता विचार केला तरी नाक वळायचं. पाण्याच्या टाकीखालच्या वळणावर रस्ता ओलसर होता. दादा नेहमीच्या वेगानं आत शिरला. पुढची चाकं रस्ता धरून वळली, मागच्यांना तेवढी पकडच नव्हती. शेपूट सुटली, गाडी गरकन फिरली आणि वहिनीच्या बाजूनं दगडी कठड्यावर आदळली. तिच्या खांद्याचं हाड मोडलं आणि मनगट मोडलं. हाड जुळलं. मनगट वाकडं राहिलं ते कायमचं. पुढे आयुष्यभर तिनं वेणी स्वतः घातली नाही, आधी दादा घालायचा, मुलगी मोठी झाल्यावर मुलगी.

दादानं त्याच क्षणी सगळं खापर स्वतःच्या डोक्यावर फोडून घेतलं. वेग जास्त झाला, माझी चूक, असं तो भेटेल त्याला सांगत सुटला. मापाडी मात्र दुपारी एकटाच त्या वळणावर गेला. रस्त्यावर रबराचे माग स्पष्ट होते. पुढच्या चाकांचे दोन माग वळणाला धरून, वहीत ओढल्यासारखे. मागच्या चाकांचे आडवे, फरफटलेले. उस्तादानं जे कारण कधी सांगितलं नव्हतं, ते डांबरावर ओढलेलं होतं. मापाडी ते बघत तिथेच उकिडवा बसला.

त्यानंतर त्यानं जे केलं त्याला चूक म्हणत नाहीत. गाडी ओढून दुकानात आणली होती. त्यानं पुढचे दोन्ही रेडियल उतरवले, जुने नायलॉन परत चढवले आणि ते दोन रेडियल गोणपाटात गुंडाळून माळ्यावर टाकले. कुणी विचारलं तर रिम तपासायला काढले असं सांगायचं, हे उत्तरही तयार ठेवलं. कुणीच विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी व्हरांड्यात एक चुलते म्हणाले, की गाडीत काही बिघाड होता का बघायला हवं. तेव्हा मापाडी पटकन म्हणाला, "बिघाड गाडीत नाही हो, आमच्या दादाच्या उजव्या पायात." सगळे हसले. दादाही हसला, आणि मग मान खाली घालून बसला.

झाकली मूठ झाकलेलीच राहिली. दादानं गाडी आहे तशी विकली. कंपनीनं त्याला गाड्यांच्या चाचणीवर घ्यायचं ठरवलं होतं, तिथे न जाता त्यानं गोदामातली खुर्ची मागून घेतली. तेव्हापासून कुठेही बसनंच गेला. लायसन मात्र मुदत संपली की न चुकता नवं करून आणायचा. ओळखपत्र म्हणून उपयोगी पडतं, म्हणायचा. मापाडीला ते दर वेळी ऐकावं लागे, कारण फॉर्मवरचा फोटो दुकानाशेजारी काढला जायचा.

सांगायची वेळ आली नाही असं नाही. शंभरदा आली. सगळ्यांत मोठी आली दोन वर्षांपूर्वी. वहिनीच्या फुप्फुसांनी हात टेकले होते. दुपारची वेळ होती, मापाडी चहाचा थर्मास घेऊन हॉस्पिटलातल्या तिच्या खोलीच्या दारात पोचला, तर आत दादा तिचं ते वाकडं मनगट दोन्ही हातांत धरून बसला होता. म्हणत होता, "त्या वळणावर मी सांभाळायला हवं होतं. मला माफ कर." वहिनीनं हळूच सांगितलं, की एक हात पुरला की मला, आता कुठे ते उकरून काढता. मापाडी दारात उभा. दोन वाक्यं बोलायची होती, तीही छोटी. तो थर्मास बाकावर ठेवून लिफ्टजवळ गेला आणि वरखाली होणारे आकडे बघत राहिला. उद्या सांगू, असं त्यानं ठरवलं. चौथ्या दिवशी वहिनी गेली.

हे सगळं असं आत कुजत पडलेलं, आणि एका सकाळी एक दातांची डॉक्टरीण दुकानासमोर हिरवी गाडी घेऊन उभी राहिली.

मापाडीनं नाक बघितलं, आरसे बघितले, तरी मन म्हणालं, अशा गाड्या आणखीही असतील. त्यानं डिकी उघडायला सांगितली. चटई उचलली. रंगाचे दोन थर खरवडलेले होते आणि खाली पिवळी पाटी दिसत होती. त्यानं चटई नीट परत अंथरली.

डॉक्टरीणबाईंनी गाडी गेल्या वर्षी घेतली होती. इतिहास त्यांना ठाऊक नव्हता. वेगात गाडी वाटेल तिकडे ओढते, रस्त्याच्या भेगांमागे जाते, वळणावर भीती वाटते, अशी तक्रार होती. कुणीतरी तिला चार वेगवेगळे टायर घातले होते. बाईंनी बरंच वाचलं होतं आणि त्यांना दोनशे पाच मिलिमीटर रुंदीचे हवे होते. रुंद टायर म्हणजे जास्त पकड, बरोबर ना?

मापाडीनं त्यांना स्टूल दिलं आणि पट्टी काढली. रिम साडेचार इंचांची. त्यावर दोनशे पाच चढवला तर टायर मध्ये फुगतो आणि कडेनं उचलतो, म्हणजे रुंदी दिसायची, टेकायची नाही. पुढे पूर्ण वळवलं की तो मडगार्डला घासणार. स्टिअरिंग जड होणार. आणि ही गाडी ज्यांनी बनवली, त्यांनी तिचे स्प्रिंग, तिचं वजन, सगळं बारीक टायरच्या हिशेबानं बसवलंय. "बारीक, उंच टायर आधी कुरकुरतो, मग घसरतो. तुम्हाला सावरायला वेळ देतो. तुमच्या गाडीवर रुंद टायर बोलतच नाही, एकदम सोडतो." एकशे पासष्टचे चार घ्या, चारही रेडियल, एकाच कंपनीचे, एकाच महिन्यातले. हवा पुढे चोवीस, मागे सव्वीस. बाई म्हणाल्या, की म्हणजे आमच्यासारखंच आहे, दातावर टोपी मोठी बसवली तर माणसाला चावताच येत नाही.

दहाच्या बसनं दादा आला. गाडी बघून दुकानाच्या पायरीवर थांबला. "ही ती?" त्यानं विचारलं. मापाडीनं मान हलवली. दादा गाडीला हात न लावता वळसा घालून आत गेला, चळतीवर बसला आणि त्या दिवशी पेपरचं पान उलटलं नाही.

टायर यायला चार दिवस लागले. मापाडीनं ते स्वतः बसवले, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. चारही चाकं बॅलन्स केली. स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून मडगार्डपर्यंत किती बोटं जागा राहते ते बघितलं, मग सीटवर वजनं ठेवून पुन्हा बघितलं. मापं पिवळ्या खडूनं टायरवर लिहिली, पुसली, पुन्हा मोजली. एवढी काळजी त्या शनिवारी घेतली असती, तर आज वहिनीची वेणी हा विषयच नसता. हे त्याला प्रत्येक नट आवळताना कळत होतं. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच.

बाईंना दवाखाना होता. किल्ली देऊन म्हणाल्या, फेरी मारून बघा, संध्याकाळी नेते. मापाडीनं किल्ली दादापुढे धरली.

"तू चालव," दादा म्हणाला.

"माझा गुडघा क्लचवर वाकत नाही." हे अर्धं खरं होतं.

दादानं किल्लीकडे बघितलं. मग चष्मा पुसला, पेपरची घडी घातली आणि उठला.

पहिल्या गल्लीत गाडी दोनदा बंद पडली. भाजीवाल्यानं हॉर्न ऐकून मान वळवली. मोठ्या रस्त्यावर आल्यावर मात्र दादाचे खांदे खाली आले. गिअर आवाज न करता पडू लागले. मापाडी शेजारच्या सीटवर, वहिनीच्या जागी बसला होता. कुठे जायचं हा विषय दोघांनीही काढला नाही, तरी गाडी पाण्याच्या टाकीकडेच निघाली.

वळण तेच होतं, कठडा नवा होता. सकाळी टँकरचं पाणी सांडून रस्ता ओला झालेला. दादानं वेग कमी केला नाही. आत शिरताना टायर जरा कुरकुरले, गाडी थोडी कलली, आणि चारही चाकं एकदम, एका चालीत वळणाबाहेर पडली. पुढे शंभर पावलांवर दादानं गाडी बाजूला घेतली आणि इंजिन बंद केलं.

"तेव्हाही याच वेगानं गेलो होतो," तो म्हणाला. "अगदी याच. मग तेव्हा का सुटली?"

मापाडीनं सांगितलं. दोन टायर, शनिवार, उस्तादाचा दंडक, रस्त्यावरचे माग, माळा. त्यातलं काही उलटसुलट झालं, म्हणून शेवटी त्यानं एका वाक्यात पुन्हा सांगितलं. "टायर मी चुकीचे बसवले होते, दादा. तुझी काही चूक नव्हती."

दादानं स्टिअरिंगवरचे हात काढले नाहीत. "तुला कधी कळलं?"

"त्याच दिवशी."

"त्याच दिवशी," दादा म्हणाला. मग त्यानं गाडी सुरू केली आणि परत नेली. प्रत्येक वळणावर सिग्नल दिला, प्रत्येक आरशात बघितलं. रस्ताभर मापाडीला वाटत राहिलं, की दादानं शिव्या घालाव्यात.

दुकानात आल्यावर त्यानं फक्त विचारलं, कुठे आहेत ते. मापाडीनं माळ्याकडे बोट दाखवलं. अडुसष्ट वर्षांचा दादा शिडी चढून वर गेला. गोणपाटाचा कुबट वास खाली आला. मापाडी शिडी धरून उभा राहिला. वर दादानं एक टायर उजेडाकडे ओढला आणि त्यावरून अंगठा फिरवला. रबर कडक होऊन तडकलं होतं, पण कडेचे ते बारीक केस अजून तसेच होते. दहा किलोमीटरच चालले होते ते.

"ती जायच्या चार दिवस आधी," दादा वरूनच म्हणाला, "मी तिची माफी मागत होतो. तू दारात होतास ना? थर्मास घेऊन?"

"होतो."

"मला वाटायचं, तुला ऐकू आलं नसेल."

दादा एकेक पायरी बघत खाली उतरला. हात झटकले, पेपर काखेत मारला आणि एकची बस पकडायला निघाला. मापाडी त्याच्या मागोमाग दोन पावलं गेला. दादानं हातानंच त्याला थांबवलं, रागानं नाही, रस्त्यात आडव्या आलेल्या माणसाला थांबवतात तसं.

दुसऱ्या दिवशी दहाची बस आली आणि गेली. त्याच्या दुसऱ्या दिवशीही. पुतणीचा फोन आला, की काका, बाबा सकाळपासून आईच्या फोटोसमोर बसलेत, काही बोलत नाहीत, तुमच्याकडे काही झालं का? मापाडीनं तिलाही सगळं सांगितलं. ते ऐकून तिनं फोन ठेवला. ताटाचा तो विनोद आता त्या घरात पुन्हा कुणी करणार नव्हतं.

आठवड्यानं एक तरुण नवरा-बायको आले. दोन टायर झिजले होते, नवे दोनच घ्यायचे होते. नवरा म्हणाला, पुढे बसवा. मापाडी सवयीनं उठला. "पुढचं घसरलं तर गाडी सरळ जाते," त्यानं सुरुवात केली आणि त्याची नजर सवयीनंच कोपऱ्यातल्या चळतीकडे गेली. तिथे कुणी ओठ हलवत नव्हतं. वाक्य अर्ध्यावर राहिलं.

"मागेच का पण?" बायकोनं विचारलं.

इतक्या वर्षांत खरं कारण त्यानं कुठल्याच गिऱ्हाइकाला सांगितलं नव्हतं.

"मी एकदा पुढे बसवले होते," मापाडी म्हणाला. "माझ्या भावाच्या गाडीला."

मग नवरा हळूच म्हणाला, मागेच बसवा. मापाडीनं कानावरचा खडू काढला, खाली बसला आणि मागच्या चाकाला जॅक लावला.